मान वळवणारा दिवा

८ जानेवारी, सोमवार

बाईंनी आजही दटावलं — “आजोबा, हात मागे!” दुसरीच्या पोरांनी मोटार उलटी जोडली होती, गाडी मागे पळत होती. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, हात शिवशिवणारच की! पण मी मदतीला येतो, त्या शाळेच्या यंत्रखोलीचा नियमच तसा. पोरांनी आधी कुणाची तरी अडचण विचारायची, मग पुठ्ठा, चाकं, मोटारी घेऊन तिच्यावर यंत्र करायचं. चुकलं की मोडायचं, पुन्हा करायचं. मोठ्यांनी लुडबुडायचं नाही. मीही सगळं असंच शिकलो. तेव्हा त्याला उनाडक्या म्हणायचे!

१० जानेवारी, बुधवार

दुसरीतल्या दोघी पोरींनी अडचणवाला माणूस म्हणून मलाच धरलं! एक वकीण — उलटतपासणीशिवाय सोडत नाही. दुसरी भोवरा — एका जागी बूड टेकत नाही.

“आजोबा, बारके स्क्रू तुम्ही नेहमी आमच्याकडूनच का लावून घेता?” वकीण.

वर्ष झालं, उजवा हात थरथरतो. कुणाला ठाऊक नाही. बाईंना कळलं तर उद्यापासून येऊ नका म्हणतील. मग सकाळी उठून करू काय? दुकान बंद करताना घरी मारली होती, तीच लोणकढी इथेही मारली — “कमी दिसतं गं.”

वकिणीने वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. डोळे.

१७ जानेवारी, बुधवार

माझ्यासाठी दिवा करताहेत. पुठ्ठ्याची मान, पोटात मोटार, समोर दोन सेन्सर. हात जिकडे जाईल तिकडे दिव्याने मान वळवायची. मान तीनदा गळून पडली. “मेला बिचारा,” भोवरा म्हणाली आणि चौथ्यांदा चिकटपट्टी गुंडाळली. किती गुणाच्या पोरी!

२२ जानेवारी, सोमवार

दिवा झाला. भोवऱ्याने हात धरला — उजेड हातावर स्थिर. वकिणीने धरला — स्थिर. मग माझी पाळी. मी हात पुढे केला आणि दिवा लटलट मान हलवायला लागला. टेबलभर उजेड थरथरतोय! माझा हात असा दिसतो, हे मीही पहिल्यांदाच पाहिलं.

“बिघडला!” भोवरा रडकुंडीला आली.

बिघडला नव्हता. इतकं चोख काम मी सातव्या वर्षी केलं नसतं. तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही.

२३ जानेवारी

दोघी दिवसभर दुरुस्त करत बसल्या. न बिघडलेली वस्तू! भोवरा तासभर जागची हलली नाही. घरी जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी, बुधवार

गेलो तर भोवरा दिव्याची मान उपटायला निघालेली. “चांगला नाहीये, नवा करू.”

“थांब! दिवा चांगला आहे. माझा हात हलतो.”

बाई वळून बघायला लागल्या.

वकीण कमरेवर हात ठेवून उभी. “मग डोळे का सांगितलंत?”

“भीती वाटली.”

“कसली?”

“इथे येऊ देणार नाहीत याची.”

“आजोबा, माणूस खोटं बोलला की यंत्र चुकतं! दोन आठवडे गेले आमचे!”

कान धरून माफी मागितली. तिने वहीत ‘डोळे’ खोडलं, ‘हात’ लिहिलं. भोवऱ्याने माझं उजवं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरून पाहिलं — “असं धरलं तर कमी हलतो. धरणारं काहीतरी करू!” आणि उड्या मारत पुठ्ठा आणायला पळाली.

बाई जवळ आल्या. “उद्या वेळेवर या. माप द्यावं लागेल.” एवढंच!

२५ जानेवारी

घरीही हाताचं सांगून टाकलं; आजपासून सांगतोय मी, लिहितेय सूनबाई. आत्ताच पेन थांबवून म्हणाली, “बाबा, म्हणजे दुकान डोळ्यांमुळे बंद केलं नव्हतंत?”

नव्हतं. लिही.