बाहेर पडण्याची नोकरी

ती. स्व. ताई,

तुला आणि भाऊजींना इथूनच वाकून नमस्कार. तुझा खांदा आता वर जातो का? (जात असेल तर मला धपाटा घालायला राखून ठेवू नकोस, आधी पत्र पुरतं वाच.) भाऊजींचं पित्त कसं आहे? मी ठणठणीत आहे, फक्त चिखलाने पायांची सालं निघतात आणि डास मला घरचा समजतात.

भाऊजींनी त्यांच्या सुतारखान्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे आणि तू लिहितेस, महिनाअखेर परत ये, तुला एक काम धड धरवत नाही. बरोबर आहे. नऊ कामं मी सोडली. (बेकरीचं धरलं तर दहा, पण तिथून त्यांनीच काढलं.) पण इथलं वेगळं आहे ताई, इथे मला निघून जायलाच ठेवलंय.

थट्टा नाही. फोटोवाल्या बाई आहेत, साठीच्या. तळ्याकाठी तट्ट्यांचं लपण बांधलंय, आपल्या न्हाणीघराएवढं. त्यात बसून त्या हातभर लांब लेन्सने पाणपक्ष्यांचे फोटो काढतात. पक्षी महासंशयी. माणूस आत शिरलेला दिसला की फिरकत नाहीत. पण त्यांना मोजता येत नाही. म्हणून दोघांनी आत जायचं आणि एकाने बाहेर पडून ऐटीत चालू लागायचं. पक्ष्यांना वाटतं, गेली ब्याद. तो चालू लागणारा मी. बाई म्हणतात, तुझ्यासारखं निघून जाणं आजवर कोणाला जमलं नाही. (शाळेत हेच केलं तर गुरुजी मारायचे.)

मागच्या आठवड्यात बाईंचा पाय मुरगळला आणि नेमकी तेव्हाच टिबुकलीची पिल्लं निघाली. टिबुकली म्हणजे मुठीएवढं पाण्यातलं पाखरू, दिसतंय म्हणेपर्यंत बुडी मारतं. पिल्लं आईच्या पाठीवर बसून हिंडतात, पण जेमतेम आठवडाभर. या एका फोटोसाठी बाई तीन वर्षं बसल्या होत्या. त्यांनी मला कॅमेरा शिकवला आणि म्हणाल्या, उद्या तू बस, तळ्याचा पहारेकरी सोबत येईल आणि निघून जाईल.

गेलो. कॅमेरा लावला, लेन्स फटीतून बाहेर काढली. पहारेकरी सुनेबद्दल सांगत होता (ती त्याला चहात साखर घालू देत नाही), मी हं हं करत होतो. तो उठला, मीही उठलो. निम्मा बांध चालून गेल्यावर तो थबकून म्हणाला, "आज बसणार कोण होतं रे?"

ताई, चार महिन्यांची सवय, पाय आपोआप निघाले. तोवर एक खंड्या येऊन लेन्सवर बसला, तिथून दोन मासे मारले आणि लेन्सवर जे करायचं ते करून उडाला. टिबुकली पिल्लं पाठीवर घेऊन समोरून दोनदा गेली. हे सगळं बाईंनी ओसरीवरून दुर्बिणीने पाहिलं. मी पोचलो तर एवढंच म्हणाल्या, "दोघं गेलात ते एका अर्थी बरं झालं. पक्षी किती खूश होते." ओरडल्या असत्या तर मी त्याच दुपारी पिशवी भरली असती. ओरडल्या नाहीत, मग काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी माझ्या चपलाच पहारेकऱ्याबरोबर पाठवून दिल्या. चार तास बसलो. डावा पाय मेला, खोकला गिळला, नाकावरच्या डासाला पोटभर जेवू दिलं. मग लव्हाळ्यातून टिबुकली आली. पाठीवरच्या पिसांतून पट्ट्यापट्ट्यांची दोन डोकी वर, आणि तिसरं पिल्लू चढायला बघतंय, घसरतंय, परत बघतंय. मी बटण दाबायचंच विसरलो होतो. ते चढलं तेव्हा दाबलं. बाईंनी फोटो पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. म्हणाल्या, माझे गुडघे आता वळत नाहीत, यापुढे बसायचं काम तुझं.

कुठे बसून राहावंसं वाटण्याची ही माझी पहिलीच वेळ.

तुझा धाकटा

ता. क. बाईंची एकच अट आहे. घरच्या मोठ्या माणसाने लिहून द्यावं की हा मुलगा एका जागी टिकतो. तेव्हा सुतारखान्यातली जागा दुसऱ्या कोणाला द्यायला सांग आणि दोन ओळी लगेच पाठव. खोटं लिहायला लावतोय असं समजू नकोस. चार तासांपुरतं ते खरं आहे, उरलेलं मी खरं करतो.

आणखी ता. क. तूच लिही. भाऊजींना लिहायला देऊ नकोस, त्यांना माझ्याबद्दल सगळं माहीत आहे.