चोराला मिळालेला चहा

वाघमारे मॅडम यांस,

आपली भेट नाही, पण तुमचं नाव आमच्या घरात रोज निघतं. खराडीतल्या कंपनीतून लॅपटॉप चोरणाऱ्याला तुम्ही बोटही न लावता बोलतं केलंत. त्याला चहा दिलात, आईची विचारपूस केलीत. आमचे साहेब, म्हणजे तुमच्याच ठाण्यातले माझे यजमान, जेवताना हेच सांगत बसतात. जन्मभर “पट्ट्याशिवाय खरं बाहेर येत नाही” म्हणणारा माणूस आता “मॅडमचं पटतं” म्हणतो. माझं एक वाक्य त्यांना कधी पटलं नाही.

जळते मी तुमच्यावर. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त त्या चोरावर जळते. त्याच्याशी हे आता हळू आवाजात बोलतात म्हणे.

तळव्यांवर मारलं की आरोपीला चालवतात, म्हणजे सूज दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या पोलीस लाइनीतल्या बायका मात्र मला बघून म्हणतात, वनितावहिनी जेवण झालं की फिरायला जातात, तब्येत कशी राखलीय!

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही आधी ह्यांनाच बोलावून विचाराल, आणि तेही चहा देऊन.

मार खाणारा माणूस विचारणाऱ्याला हवं तेच सांगतो, असं तुमचं म्हणणं. अगदी खरं आहे. फोनवर कोण होता, म्हणून हे विचारत राहिले, तेव्हा मीही एक नाव सांगून टाकलं. तसा कुणी माणूसच नाही.

हे अजून त्याला शोधताहेत.

तुमच्या चहाला न बोलावलेली,
वनिता