चाचणीचा नंबर

ती. आईस, मान खाली घालून नमस्कार.

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर आहे. तुझा गुडघा कसा आहे? ताई येऊन गेली का?

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर हे बोलायला माझी जीभ रेटली नसती.

ऑफिसांतले जुने फोन काढून मी इंटरनेटवर चालणारे बसवतो, हे तुला माहीत आहेच. गिऱ्हाइकाला सांगायचं की सगळ्या शाखा एकाच नंबरावर येतील, लांबच्या फोनचं बिल आटोक्यात राहील, माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येईल. मग खात्री पटावी म्हणून त्याच्यासमोर एक लांबचा फोन लावून दाखवायचा.

तो फोन मी तुला लावतो, आई. स्पीकरवर. कारण तू पहिल्याच रिंगला उचलतेस. आणि तू शेजारच्या काकूंना सांगत सुटतेस, ‘कामाच्या गडबडीतही पोराला माझी आठवण येते हो!’

मंगळवारी तू डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतीस. ‘भीती वाटते रे,’ म्हणालीस. मी गिऱ्हाइकाकडे वळून त्याच्या भाषेत म्हणालो, ‘बघा, आवाज किती स्वच्छ!’ आणि फोन ठेवला. त्याला आपली भाषा कळत नाही, तरी त्याने विचारलं, ‘कोण होतं?’

मी म्हणालो, ‘कुणी नाही, चाचणीचा नंबर आहे.’

पत्र मिळालं की एक मिस्ड कॉल दे. मी दार लावून, एकटा बसून फोन करीन. ‘भीती वाटते’ इथून पुढे सांग.

तुझा,
धाकटा