टेबलाच्या कडेचा शिकंजा

अप्पा, यांचा उजवा हात गेल्या महिन्यात गेला. म्हणजे आहे जागेवरच, पण अर्धांगाच्या झटक्यानंतर उचलत नाही. इथे नांदेडला दवाखान्यातल्या मुलीने व्यायामाचं सामान दिलंय: लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला कप्पी, दोरी, वजन आणि पट्टी टेबलाच्या कडेला आवळायचा शिकंजा. "काकू, टेबलाला नीट बसवा, हललं न्हाई पाहिजे. अन् उशीर करू नका, बोटं आखडली की लई अवघड हाय," असं तिने बजावलं. पिशवी घेऊन घरी आले आणि तुमची आठवण झाली. खरं तर आठवण कसली, भीतीच वाटली.

तुमचा हात भूकंपानंतर शिरूर अनंतपाळला आत्याच्या घराचा ढिगारा उपसताना दगडाखाली सापडला. लातूरला आपल्या पुढच्या खोलीत तुमची गणिताची शिकवणी चालायची. फळ्यावर लिहिणारा हातच गेला तर शिकवणी बसणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं, कारण तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघायला लागले होते. तुम्हालाही असंच सामान मिळालं, पण टेबल होतं शाळेचं, शिकवणीपुरतं मागून आणलेलं. सरळ स्क्रू मारा म्हणून आईने सुचवलं, तेव्हा तिने शाळाच विकायला काढल्यासारखं तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. "भोक पाडायचं न्हाई, खिळा मारायचा न्हाई." मग कडेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, खालून घोंगडीची घडी आणि फळकूट, आणि त्यावर शिकंजा. थोडा आवळायचा, पट्टी हलवून बघायची, पुन्हा थोडा आवळायचा. मी एकदम जोर लावला तर ओरडलात, "अगं, लाकूड हाय ते, लोखंड न्हाई. दबलं की दबलं." रोज सकाळी तुम्ही तो तपासायचात, कारण रोज तो जरासा सैल झालेला असायचा.

त्या दिवसांत घरोघरी भांड्यावर भांडं रचलेलं असायचं, जमीन हलली की वाजावं म्हणून. आपल्या कपाटावर उपडा तांब्या, त्यावर पेला आणि पेल्यावर चमचा होता. पोरांना गणित घालून तुम्ही व्यायाम करायचात. वजन सुटून खाली आपटलं की फरशी थरथरायची आणि चमचा खणखणायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा अहमदपूर-रेणापूरहून शिकायला आलेली सगळी पोरं "हलायलंय!" म्हणत चपला सोडून रस्त्यावर पळाली. आत तुम्ही एकटेच, दोरी धरून हसत उभे. मग सवय झाली. चमचा वाजला की कोणीतरी म्हणायचं, "बसा हो, सरांचा हात हाय." आईसुद्धा स्वयंपाकघरातून डोकावेनाशी झाली. मला मात्र ते हसणं आवडत नव्हतं; का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि ती दुपार. पोरं गणित सोडवतायत, मीही त्यांच्यात बसलेय. चमचा वाजतो. "सरांचा हात हाय," मागून आवाज येतो आणि वहीतून कोणी मान वर काढत नाही. पेला पडतो. मी वर बघते तर तुम्ही टेबलाजवळ नाहीच. पाणी पिऊन परत येताना दारात उभे आहात, आणि टेबलाच्या कडेला वजन आपोआप डोलतंय. "उठा!" तुम्ही ओरडता. "अरे उठा, मी न्हाई ते!" तेव्हा कुठे आम्ही उठलो. भिंतीचा थोडा गिलावा पडला, एवढंच; कोणाला खरचटलंही नाही. पण अख्खी गल्ली आमच्या आधी रस्त्यावर आली होती. तुम्ही एकेका पोराच्या तोंडाकडे बघत उभे होतात.

संध्याकाळी तुम्ही शिकंजा सोडवलात. "अहो, बोटं हलाय लागलीत की आता," आई रडत म्हणाली. "हात गेला तर माझ्या एकट्याचा जाईल," म्हणालात. टेबलाच्या कडेवर साधा ओरखडाही नव्हता. बोटं त्याच हिवाळ्यात आखडली, ती कायमची. डाव्या हाताने लिहायला शिकलात, पण ओळ फळ्यावर तिरकी चढत जायची, आणि पोरं मोठ्या क्लासला गेली. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. मला मात्र अजून राग येतो, जमिनीचा आणि तुमचाही. वजनाखाली पोत्याची घडी टाकली असती तरी भागलं असतं, अप्पा. एवढं गणित शिकवणाऱ्या माणसाला हे सुचू नये?

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय. आमच्या खालच्या मजल्यावर क्लास आहे. सुटला की पोरांचा लोंढा जिना उतरतो आणि आमची फरशी थरथरते. कधीमधी खरोखरचीही हलते, आणि आता दोन्हींत फरक कळत नाही. यांना मी सांगितलंय की टेबलाची फळी कच्ची आहे, शिकंजा धरणार नाही, सुताराला दाखवून घेऊ. ती मुलगी फोन करते, तिलाही तेच सांगते. पोत्याची घडी करून ठेवलीये, पण पिशवी उघडायला हात जात नाही. काल यांनी डाव्या हाताने टेबलाची कड दाबून बघितली, ठोकून बघितली, मग माझ्याकडे पाहिलं. आज सकाळी त्यांची करंगळी सरळ होईना. मी ती चोळत बसले आणि म्हटलं, सुतार उद्या येतोय. मी कुठल्याही सुताराला बोलावलेलं नाही.