मूठभर भरडा

आप्पा, औंदा आपलं एक बी कोकरू मेलं न्हाय. कुनाला तरी सांगावं वाटतंय, आन मानसाम्होरं माझं तोंड उघडत न्हाय हे तुमाला ठावं हाय. आठवीत शाळा सुटली त्याचं बी मला काय वाटलं न्हाय, वर्गात हात वर करायचंच भ्या वाटायचं. मेंढरात तसं हुत न्हाय.

औंदा तामलवाडीचा माळ संक्रांतीलाच पिवळा पडला. मेंढ्या दिसभर हिंडून तशाच रिकाम्या पोटानं येत्यात, थानाला दूध न्हाय, कोकरं ढुशा देऊन देऊन दमत्यात. लस टोचायला आलेला डाक्टर आईला म्हनला, "कोकरास्नी मूठमूठ भरडा चालू करा, न्हायतर जगत न्हाईत." आई म्हनली, "आमच्यात दाना चालत न्हाय. मालकांनी बंद केलाय." तुमी जाऊन धा वर्सं झाली, तरी घरात तुमचाच शबूद चालतुया. तवा म्या कवा न्हाय ते म्हनलं, "आई, मी देनार." आई माझ्या तोंडाकडं बघतच राह्यली.

मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याला म्या दोन बांबू बांधले, मधी वीतभर फट ठिवली. कोकरू आत जातंय, मेंढी भाईरच ऱ्हाती. आत पाटीत मक्याचा भरडा, शेंगदान्याची पेंड, चिमूटभर मीठ. पैल्या दिशी निसती चिमूट दिली, मग वाढवत वाढवत मूठ. थोरल्या काळ्या मेंढीनं फटीत डोस्कं घातलं आन आडाकली, तवा तुमचे भाऊ, तात्या, लई हसले. "कोकरास्नी पंगत व्हय? वरनं च्या बी पाज की, मास्तरीनबाई!" मी खाली मान घालून भरडा घालत राह्यले. पन आप्पा, आता कोकराच्या पाठीवरनं हात फिरवला तर हाड लागत न्हाय. काल तात्या आले, जाळ्यापाशी उगंच बसले, तंबाखू मळली. मग हळूच म्हनले, "आगं, फट किती ठिवलीस?" म्या वीत पसरून दावली. त्यांनी बांबूवर आपली वीत लावून बघितली. तवा छाती अशी भरून आली, तुमी पायजे हुता.

तुमी बी आदी मूठभर ज्वारी द्यायचा, अशक्त कोकरास्नी. मी तवा सात वर्साची. पांढऱ्या कानाचं कोकरू आडवं पडलंय, पोट टम्म फुगलंय, आन तुमी इचारताय, "काय दिलंस गं?" मी म्हनते, "मूठभर ज्वारी. तुमी देता तेवढीच." तुमी मारलं न्हाय. पाटी उचलून लांब भिरकावली, म्हनला, "आजपास्न दाना बंद. माळाचं जनावर माळावर जगंल." त्या उन्हाळ्यात दान्यावाचून मेलेलं एकेक कोकरू तुमी बाभळीखाली पुरत हुता आन मी घमेलं धरून हुबी हुते. तवा बी बोलले न्हाय. पुढल्या साली तुमीच गेलात.

आप्पा, ती मूठ नव्हती. पाटी भरून दिली हुती म्या, ते खातंय बघून पुन्यांदा भरली. तुमची मूठ कवाच वाईट नव्हती, हे मला एकटीलाच ठावं हुतं, म्हनून तर औंदा धाडस झालं. आईला अजून सांगितलं न्हाय. तिला वाचता येत न्हाय, तरी बी हे पान घडी करून भरड्याच्या पोत्याखाली दडवतेय.