त्याले गोड लागते

वणी
१२ फेब्रुवारी २०२४

ती. लालीमावशीस,
निकिताचा सा. न. वि. वि.

तुमच्याकडे फोन सगळ्यांसमोर स्पीकरवर लागतो, म्हणून हे पत्र. मला तिसरा महिना लागलाय. अतुल रोज खाणीतून येताना चिंचा आणतो आणि अर्ध्या स्वतःच खातो.

खरं कारण वेगळं आहे. नागपूरच्या दवाखान्यात गरोदर बायांच्या रक्तावर अभ्यास चालू आहे. आईबापाकडून रक्तात जे उतरतं ते वाचून, गरोदरपणात साखर वाढण्याची शक्यता किती, याचा आकडा काढतात. माझा आकडा सगळ्यात वरच्या गटात आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा आजार नव्हे, नुसती शक्यता. पुष्कळजणींना काही होतही नाही. मग त्यांनी विचारलं, आईला, म्हणजे याडीला, साखर होती का. याडी गेली तेव्हा मी चार वर्षांची. बाबांना विचारलं, तर ते ताटावरून उठून बाहेर गेले. तू तिची सख्खी बहीण, तिच्या बाळंतपणांत तिच्यापाशी होतीस. सांगशील ना?

माया आहे तशीच ठेव.
तुझी निकिता


तांडा, आर्णीजवळ
२६ फेब्रुवारी २०२४

चि. निकितास,
लालीमावशीचे पोटभर आशीर्वाद. जावयाले सांग, चिंचा पोटुशीच्या असतात.

साखर होती का, थे मले माहीत नाही. तेव्हा कोणी तपासलं नाही. जे पाह्यलं थे लिहितो.

तुह्या आधी तुह्या याडीले, बसंतीले, दोन पोरं झाले. दोन्ही भरल्या अंगाचे, जसे दोन महिन्यांचे. श्वास मात्र नाही. दाई म्हणे, याले आत कोणीतरी लय पोसलं.

बसंती सारखी पाणी प्यायची. मोरीत जाऊन आली का त्या जागी मुंगळ्यांची रांग लागे. तुह्या आजीनं थे पाह्यलं अन् ठरवलं का हिच्या पोटात कोणी बसला हाय, त्याले गोड लागते. मग त्याचं मन भराले रोज गुळाचं पाणी, गुळाचा शिरा. नाही म्हटलं तं जबरीनं. एका दुपारी बसंती माह्या कानाशी आली अन् म्हणाली का तो तुहं नाव विचारून राह्यला. मी तेव्हा लग्नाच्या वयाची होती.

तू आठव्याच महिन्यात आली, इवलीशी, रडत. तांडा म्हणे, त्याचं खाऊन व्हायच्या आत निसटली. पुढं बसंतीच्या पायाले जखम झाली, थे भरलीच नाही, त्यातच ती गेली.

डॉक्टरणीले हे सगळं सांग. लाजू नको.

मावशीवर जीव असू दे.
तुही लाली


वणी
१८ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. वजन बेताचं, आवाज मोठा. मी बरी आहे.

तू लिहिलेलं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या की ती साखरच असणार. गूळ तिला द्यायलाच नको होता. पाचव्या महिन्यात माझीही वाढली. रोज सुई घेतली, भात मोजून खाल्ला. सगळं कळत असून मी मोरीत उभी राहून फरशी बघायचे. एकदा खरंच मुंगळे दिसले. अतुलला हाक मारली नाही. आधी बोट टोचून साखर मोजली. त्या दिवशी ती ठीक होती. मुंगळे कशाला आले होते, कळलं नाही.

अभ्यासासाठी आईकडच्या माणसांचं रक्तही हवं आहे. याडी नाही, तू देशील का? आणि तू लग्न का केलं नाहीस, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारते.

अशीच जवळ राहा.
तुझी निकिता


तांडा, आर्णीजवळ
२ डिसेंबर २०२४

चि. निकितास, नातीस,
दोघींले आशीर्वाद.

दिग्रसचा रामलाल म्हणून होता. दोनदा मागणी घेऊन आला. माणूस चांगला. मी नाही म्हटलं. तो बसंतीच्या पोटातला माहं नाव जाणत होता. ती गेल्यावर तो माह्याकडं येईन, अन् माह्या लेकरांले खाईन, असं वाटे. घरच्यांले वाटलं, पोरगी हट्टी हाय.

तू म्हटल्यावर रक्त दिलं होतं, परवा त्याचं सांगाले नागपूरले बोलावलं म्हणून गेलती. तिथली नर्स म्हणाली का माहा आकडा सगळ्यात खालच्या गटात हाय. खालच्या गटातल्या बायांलेही कधी साखर होते, थेही तिनं सांगितलं. मी विचारलं, म्हणजे माह्यात तो नव्हता? तिनं विचारलं का तो म्हणजे कोण.

घरी आली, जेवली, खाटेवर पडली. एका अंगाले, कडेले. माही सवयच हाय थे. बसंती गेल्यापासून मी अर्धी खाट मोकळी ठेवून झोपतो. तो आला तं माह्या अंगावर नको बसाले, म्हणून. आता कोणी येणार नाही, हे मले समजलं हाय. पण मधात सरकणं जमत नाही, निकिता. हात लावला तं तिकडची गोधडी गरम लागते.

पोरीले घेऊन चार दिवस ये. तिले त्या बाजूनं निजवू.

तुह्या मायेची भुकेली,
लालीमावशी