बहुमताने निवडलेलं हॉटेल

४ सप्टेंबर, दुपार

मुलाचा फोन. डिसेंबरात सगळ्यांनी मिळून बेटावर जायचं ठरलं. हे गेल्यानंतरची घराची पहिलीच ट्रिप. राहायची जागा कुठली घ्यायची यावरून सून आणि मुलगी यांची फोनवर जुंपली म्हणे, म्हणून निवड माझ्याकडे सोपवली. मी म्हटलं, मला यात ओढू नका. मग म्हटलं, आता ओढलंच आहे तर बघते.

परिस्थिती अशी. मुलगा, सून आणि नात हे तिघं डायव्हर. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची, समुद्राच्या तळाशी जायचं, मासे बघायचे आणि वर यायचं. मासे तिथेच सोडून यायचे. मुलगी, जावई आणि आम्ही ही कोरडी मंडळी. तीन विरुद्ध चार. लोकशाहीत असे प्रश्न सोपे असतात.

मी स्वतः तटस्थ आहे.

६ सप्टेंबर

लायब्ररीतून डायव्हिंगवरचं जाडजूड पुस्तक आणलं. सातवीत शाळा सुटली, पण वाचन सुटलं नाही. शिवण, मधमाश्या, इन्कम टॅक्स, जे काही येतं ते पुस्तकातूनच आलं. लायब्ररीवाल्या बाईंनी विचारलं, पोहता येतं का? म्हटलं, वाचता येतं.

संकल्प: कुणालाही न मागता सल्ला द्यायचा नाही.

९ सप्टेंबर, रात्री

पुस्तकात एक महत्त्वाचा नियम सापडला. खोल पाण्यातून वर आलं की पुढचा जवळजवळ एक दिवस विमानात बसायचं नाही. रक्तात बुडबुडे होतात. लगेच मुलाला फोन करून कळवलं. सल्ला नाही, माहिती.

त्यावरून वेळापत्रकही करून टाकलं. पहिला दिवस प्रवासाच्या शिणाचा. शेवटचा दिवस बुडबुड्यांचा. एक दिवस विश्रांती. एक दिवस सगळ्यांनी एकत्र बसायचं, कारण त्यासाठीच तर चाललोय. मुलगा म्हणाला, आई, म्हणजे एवढ्या लांब जाऊन आम्ही एकदाच पाण्यात उतरायचं? मी म्हटलं, हे विज्ञान आहे, माझ्या मनचं नाही.

तो बराच वेळ हसत होता. नियोजनाचं महत्त्व त्याच्या वडिलांनाही कळत नसे, पण ते निदान हो म्हणत.

१४ सप्टेंबर

दोन जागा नक्की केल्या. आता निवड.

पहिली, सुनेच्या पसंतीची. बेटाच्या टोकावर, धक्क्यालगत असलेलं डायव्हरांचं लॉज. मालकाला फोन केला. बोलताना मध्येच शिट्टी वाजवून कुणाला तरी बोलावतो, म्हणून नाव शिट्टीवाला. मागे कसलंसं इंजीन धडधडत होतं. म्हणाला, ताई, ते टाक्यांत हवा भरायचं यंत्र, पहाटेच सुरू करतो, आमच्याकडे कुणाला उठवावं लागत नाही. खोल्यांमध्ये एकावर एक पलंग. व्हरांड्यात ओले रबरी सूट टांगलेले असतात. अंधारात दचकू नका म्हणाला.

मी नेमका प्रश्न विचारला. जे डायव्हिंग करत नाहीत ते तुमच्याकडे काय करतात?

त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "वाट बघतात."

दुसरी जागा बेटाच्या पलीकडच्या बाजूचं मोठं हॉटेल. गुबगुबीत गाद्या, आरामखुर्च्या, समोर शांत खाडी. फोनवर गोड आवाजाची मुलगी होती. पाणी किती खोल, विचारलं. म्हणाली, मॅडम, अगदी गुडघाभर, कितीही आत गेलात तरी.

माझा निर्णय तिथेच झाला. अर्थात सगळ्यांच्या सोयीचा विचार करून. डायव्हरांना न्यायला बोट दारात येते का, हेही विचारलं, नाहीतर म्हणतील आमचा विचार केला नाही. ती म्हणाली, येते ना मॅडम, पाणी असेल तेव्हा.

समुद्रात पाणी नसेल तर कुठे असणार? पोरगी गोड आहे, पण डोक्याने बेताची.

२० सप्टेंबर, रात्री

व्हिडिओ कॉलवर मतदान घेतलं. सून लॉजसाठी अर्धा तास बोलली. तिथल्या धक्क्याखालीच म्हणे प्रवाळाचं रान आहे, पायऱ्या उतरल्या की मासे. मुलीचं एकच म्हणणं, माझी पाठ दुखते, मला मऊ गादी हवी. जावईबापू म्हणाले, जिथे झोप लागेल तिथे. नातीने दोन्ही हात वर केले, ते एकच मत धरलं.

मी निकाल सांगितला. लॉज तीन, हॉटेल चार.

मुलगा म्हणाला, "चार?"

मी म्हटलं, चार.

सून खाली बघत राहिली. मुलीने कॅमेराच बंद केला. शेवटी मुलगा म्हणाला, बरं आई, चार. पराभव इतक्या खिलाडूपणे घेतील असं वाटलं नव्हतं. संस्कार, दुसरं काय.

हॉटेलात तीन खोल्या ठरवल्या. माणसं सात.

१२ ऑक्टोबर

नात येऊन गेली. सोळावं लागलं नाही तोवर डायव्हिंगचं कार्ड मिळवलंय, ते दाखवायला. फोटोत डोळे मिटलेले. मी म्हटलं, हिला पाण्याखाली काय दिसणार?

खुणा शिकवल्या तिने. अंगठा वर म्हणजे छान नव्हे, तर 'वर जाऊ या'. लांबून 'मी ठीक आहे' सांगायचं तर एक हात डोक्यावर ठेवायचा. किनाऱ्यावर जो असेल त्यानेही तसाच हात ठेवायचा, म्हणजे डायव्हरला कळतं की आपल्याला पाहिलं. मी म्हटलं, डोक्याला हात लावायची मला सवय आहे, गेली सदतीस वर्षं तुझ्या बापापायी तेच चाललंय.

ती म्हणाली, आजी, तू घाबरतेस. मी म्हटलं, मी कशालाही घाबरत नाही.

तसं घाबरण्यासारखं आहे काय? हे तर घरात, खुर्चीत, पेपर वाचताना गेले. पाणी नाही, उंची नाही, काही नाही. मी आत चहा टाकत होते. बाहेर आले तर पेपर खाली पडलेला. दोन वर्षं होतील. तेव्हापासून मला वाटतं, माणसं नजरेसमोर असावीत. ही भीती नव्हे. पद्धत आहे.

संकल्प: नातीसमोर हा विषय काढायचा नाही. काढला नाहीच.

१८ डिसेंबर, संध्याकाळ

पोहोचलो. हॉटेल फोटोत होतं तसंच. समोर खाडी, काचेसारखं पाणी, गुडघाभर. मुलगा, सून, नात पाण्यात उभे राहून एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत होते. मी आरामखुर्चीतून तिघांवर नजर ठेवून होते. एकही टाकी दिसत नव्हती. बऱ्याच दिवसांनी चहा गरम असताना प्यायले.

माझ्या खोलीत दोन पलंग. दोन टॉवेल, दोन जोड सपाता. जेवणाच्या टेबलावर सात ताटं. इथल्या लोकांना साधं मोजता येत नाही. पहिलाच दिवस म्हणून बोलले नाही.

१९ डिसेंबर, सकाळ

समुद्र नाही.

काल रात्री होता, मी स्वतः आवाज ऐकला. सकाळी पडदा सारला तर नजर जाईल तिथपर्यंत चिखल. त्यात बारीक खेकडे. फार लांबवर डायव्हरांना न्यायला आलेली लॉजची बोट, काडेपेटीएवढी. शिट्टीवाल्याचा मुलाला फोन आला, की या दिवसांत तिकडे सकाळी ओहोटी असते, ही बोट चिखलात आणता येणार नाही. रस्त्याने यायचं तर दीड तास, बोट पहाटे सुटते. त्यापेक्षा लॉजवरच राहायला या.

मी काउंटरवर जाऊन विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? गोड आवाजाची म्हणाली, सांगितलं होतं मॅडम, पाणी असेल तेव्हा.

तिघांनी बॅगा उचलल्या. निघताना सून एक शब्द वावगा बोलली नाही. हे मला जास्त लागलं. नात गाडीच्या मागच्या काचेतून डोक्यावर हात ठेवून बसली होती. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी होते.

नियोजनात लवचीकपणा हवा. तसं पाहिलं तर रात्रीची झोप लॉजवर, हाच काय तो फरक. आणि सकाळ. आणि दुपार.

२० डिसेंबर

मुलीची पाठ धरली. गादी इतकी मऊ की तिला उठवायला दोघं लागले. जावईबापूंनी चिखलाकडे तासभर पाहिलं, मग म्हणाले, जरा लॉज बघून येतो, जेवणापुरते. तीही गेली. जेवायला म्हणून.

संध्याकाळपर्यंत आले नाहीत. मग फोटो आला. जावई काळ्या रबरी सुटात, उशीला दोरी बांधावी तसे, चेहऱ्यावर हसू. शिट्टीवाल्याने हात धरून त्यांना खाली नेऊन आणलं म्हणे. एक कासव दिसलं. ज्या माणसाला आजवर फक्त झोप दिसली, त्याला कासव दिसलं. मुलगी लॉजच्या फळीवर झोपली आणि पाठ मोकळी झाली, सबब रात्री तिथेच.

डायव्हर चार. कोरडे तीन. अल्पमतात गेलो. तरी नैतिक बहुमत आपलंच.

रात्री जेवायला एकटीच. समोर सात ताटं. वाढप्याने विचारलं, बाकीचे? म्हटलं, येतील.

त्याने कुणाचंच ताट उचललं नाही. चांगला मुलगा आहे, पण मोजणी कच्ची.

२१ डिसेंबर, रात्री

मुलीची पाठ बघायला म्हणून हॉटेलच्या कपडे धुवायला नेणाऱ्या गाडीतून लॉजवर गेले. चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून. रस्ता खराब, पण बसायला हॉटेलपेक्षा घट्ट.

मुलीची पाठ दिसली नाही. ती काचेचा मुखवटा लावून धक्क्याच्या पायऱ्यांपाशी तोंड पाण्यात घालून तरंगत होती. हात कुणी तरी धरला होता. बाकीची मंडळी खाली. फोनवर ताई म्हणणारा शिट्टीवाला प्रत्यक्षात आजी म्हणाला आणि खुर्ची दिली.

बसले. पाण्याकडे बघत. बघण्यासारखं काही नव्हतं. बुडबुडे येत होते, कधी इथे, कधी तिथे. ते येत राहिले पाहिजेत एवढं पुस्तकामुळे माहीत होतं. एका ठिकाणचे थांबले. चहा आला. मी चहाकडे पाहिलं नाही.

मग बऱ्याच लांब एक काळं डोकं वर आलं. त्यावर हात. तसंच थांबून राहिलं. शिट्टीवाला मागून म्हणाला, आजी, उत्तर द्या, ती वाट बघतेय.

मी डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

नात वर आली ती ओलीगच्च माझ्याशेजारी येऊन बसली. नळीमुळे ओठ सुजल्यासारखे दिसत होते. काय काय पाहिलं ते भराभर सांगितलं. मग टॉवेलमध्ये तोंड घालून विचारलं, "आजी, हॉटेलला चार मतं कुणाची होती गं?"

मी म्हटलं, तुझी आत्या, काका, मी आणि

तेवढ्यावर थांबले.

"बाबांना तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, राहू द्या. आजोबांचं मत असंही आजीकडेच असायचं."

खरं आहे ते. कुठे जायचं, काय घ्यायचं, पडदे कुठल्या रंगाचे, काहीही विचारा. हे म्हणायचे, हिला विचारा. आणि सहलीला पोरं पाण्यात शिरली, डोंगरावर चढली, की पिशव्या मांडीवर घेऊन म्हणायचे, तुम्ही जा, आम्ही बसतो इथे.

म्हणजे बहुमत नव्हतंच. तीन विरुद्ध तीन. मतं बरोबरीत सुटली तर काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. आणि ती सात ताटं. वाढप्याची मोजणी बरोबर होती. आकडा मीच दिला होता.

मुलगा बोटीवरून हाक मारत होता, आई, येतेस का, नुसती बोटीत बस, भिजणार नाहीस. माझ्या तोंडात नेहमीचंच आलं. तुम्ही जा, म्हटलं. पुढचं वाक्य आलं नाही.

२२ डिसेंबर, पहाट

यंत्र सुरू झालंय. खरंच कुणाला उठवावं लागत नाही.

काल रात्रीच हॉटेल सोडून इथे आले. शिट्टीवाल्याने विचारलं, किती जणांची सोय करू? म्हटलं, एक. वरचा पलंग मिळाला. शिडी आहे. पोरं झोपेत असताना एकदा खाली उतरून पुन्हा चढून पाहिली, जमते. व्हरांड्यात सुटांना दचकले, पण सांगितलं होतं त्याने.

एकंदरीत जागेची निवड माझीच बरोबर ठरली. लॉजला सगळ्यात आधी फोन मीच केला होता, हे मंडळी विसरतात.

मुलीलाही आज खाली न्यायचं ठरलंय. बोट निघते आहे. खुर्ची धक्क्यावर नेऊन ठेवली.

डायव्हर पाच. वाट बघणारी एक.